पुसण्याआधी विचारणारे पोतनीस

गोपाळकृष्ण पोतनीसांचं बहुतेक आयुष्य कॅशच्या पिंजऱ्यात गेलं. पिंजरा म्हणजे बँकेतला तो जाळीचा खण, ज्याच्या झरोक्यातून माणसांचे फक्त हात आणि हनुवट्या दिसतात. त्यांचे पूर्वज कधीकाळी शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि पोतं, म्हणजे खजिना, सांभाळण्याच्या कामावर राहिले. आडनाव तिथूनच पडलं. उज्जैनमधले जुने मराठी लोक त्यांना गमतीनं म्हणायचे, "पोतनीस, तुमच्या घराण्यानं अडीचशे वर्षांत खातं बदललं नाही."

ते खातं पोतनिसांनी त्रेपन्नाव्या वर्षी सोडलं. त्या साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती. कॉम्प्युटर आले, आता माणसं जास्त झाली, असं वरून सांगण्यात आलं. फ्रीगंजच्या शाखेतले बरेच जण हो-नाही करत बसले. पोतनिसांनी एका दुपारी अर्ज दिला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "देऊन आलो."

सुलू वह्या तपासत होती. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लाल पेन खाली न ठेवता ती म्हणाली, "बरं केलं. विक्रांतचा कॉम्प्युटर खोलीत एकटाच बसून राहिलाय. त्याच्या जोडीला बसा आता."

विक्रांत त्यांचा मुलगा. पुण्यात नोकरी लागली तेव्हा इथला कॉम्प्युटर तो मागे ठेवून गेला होता. ज्या यंत्रानं आपल्याला बँकेतून उठवलं त्याच्याच पुढ्यात जाऊन बसायचं, याची पोतनिसांना पहिले काही दिवस गंमत वाटली आणि थोडा रागही आला. पण नानाखेड्याच्या त्या कॉलनीत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच माणसानं करायचं काय? सुलू शाळेत. मुलगी अपूर्वा इंदूरला एका कॉलेजात शिकवायची, ती शनिवारी यायची. बसस्टँडवरून कंडक्टरांच्या हाका ऐकू यायच्या, "इंदौर-इंदौर-इंदौर", आणि दुपार काही सरायची नाही.

मग ते बसले. पहिले पंधरा दिवस पत्ते खेळले. नंतर विक्रांतनं ठेवलेल्या सीड्या एकेक करून घालून बघितल्या. त्यांतल्या एकीत फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर निघालं. पोतनिसांनी विक्रांतला फोन केला, तर तो म्हणाला, "बाबा, खुशाल काहीही दाबा. बिघडलं तर अनडू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे केलेलं परत न केल्यासारखं होतं."

पोतनीस यावर खूप वेळ विचार करत राहिले. पिंजऱ्यात एक नोट जास्त गेली तर ती संध्याकाळी स्वतःच्या खिशातून भरावी लागायची. न केल्यासारखं होण्याची सोय जगात कुठे असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांचा हात बसला तो शेजारच्या प्रभाकररावांच्या फोटोवर. प्रभाकरराव महाराष्ट्र समाजाचे माजी अध्यक्ष. समाजाच्या हॉलमध्ये माजी अध्यक्षांचे फोटो लावायचं ठरलं आणि यांच्याकडे धड फोटो एकच निघाला, तोही कुणाच्या तरी लग्नातला. मागे मांडवाचा बांबू थेट डोक्यातून उगवल्यासारखा. पोतनिसांनी तो फोटो स्कॅन केला. बांबूसकट मागचं सगळं धुसर करून टाकलं. मग चारी कडांना हलका काळोख दिला, म्हणजे बघणाऱ्याची नजर आपोआप मधल्या चेहऱ्यावर जाते. मग त्याच फोटोची दुसरी प्रत वरच्या थरावर घेतली, ती धुसर केली आणि इतकी पातळ केली की खालचा चेहरा तिच्यातून दिसू लागला. कापडाच्या आडून ऊन यावं तसा चेहरा मऊ झाला. शेवटी डोळ्यांतले उजेडाचे ठिपके किंचित वाढवले.

एवढं होतंय तोच वीज गेली. त्या वर्षांत मध्यप्रदेशात वीज जायची ती सांगून जायची नाही. स्क्रीन काळी झाली आणि सगळं काम पाण्यात गेलं. अनडू काही त्यावर चालला नाही. दुसऱ्या दिवशी पोतनिसांनी पुन्हा पहिल्यापासून केलं आणि ते आदल्या दिवसापेक्षा चांगलं झालं.

छापलेला फोटो प्रभाकररावांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग म्हणाले, "हा मीच आहे यार, पण आराम केलेला मी."

ही गोष्ट समाजात पसरली. टॉवर चौकात अनिलचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्याकडे रांग असायची आणि असल्या नाजूक कामाला वेळ नसायचा. तो पोतनिसांकडे फोटो पाठवू लागला. कुणाचा लग्नासाठी काढलेला फोटो, कुणाचे वारलेले वडील, कुणाचं पहिल्या वाढदिवसाचं बाळ. पोतनिसांची एक पद्धत ठरून गेली होती. आधी साफसफाई, म्हणजे पुटकुळ्या, देवीचे व्रण, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं काढायचं. मग मऊपणा, मग कडांचा काळोख. साफसफाई करताना विचारावं असं त्यांच्या मनातही येत नसे. घरात पाहुणे यायचे असले की आपण केर काढतो, तेव्हा केराला विचारतो का?

उलटं सांगणारा एकच भेटला. रामघाटावरचा एक तरुण पंडा. वडील गेले आणि गादी याच्याकडे आली, पण ओठांवर अजून नीट मिशीही फुटलेली नव्हती. तो स्वतःचा फोटो घेऊन घरी आला आणि मांडी घालून बसला. "बाबूजी, कनपटी पर थोड़ी सफेदी दे दो. जजमान बोलता है, ये तो बच्चा है, इससे क्या पूजा कराएँ."

पोतनिसांनी त्याच्या कानशिलांवर हलकी चांदी चढवली आणि कपाळावर दोन आठ्या दिल्या. पंडा खूश होऊन गेला. सुलू संध्याकाळी हसून म्हणाली, "सगळ्यांना तरुण करता, एकाला म्हातारा केलंत. हिशेब जमला."

अपूर्वासाठी स्थळं बघणं तोवर सुरू झालं होतं. ग्वाल्हेरच्या एका कुटुंबाकडून विचारणा आली. मुलगा प्रसाद इंजिनिअर, मोबाइलचे टॉवर उभारणाऱ्या एका खाजगी कंपनीत भोपाळला होता. तीन-चार वर्षांपूर्वी अशी नोकरी असते हे कुणाला माहीतही नव्हतं. पत्रिका जुळली. मुलाची आई अहल्याबाई फोनवर अगदी मोकळेपणानं बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मुलीचा तर पाठवाच, पण एक तुमच्या घरातल्या सगळ्यांचा पण फोटो पाठवा. घर दिसतं माणसांत."

तो फोटो गच्चीत काढला. विक्रांत दिवाळीला आलेला होता म्हणून चौघंही होते. कॅमेरा कठड्यावर ठेवून पोतनिसांनी टायमर लावला आणि धावत जाऊन उभे राहिले. सुलू नेहमीसारखी मुलांच्या मागे जाऊ लागली तर विक्रांतनं तिला ओढून पुढे आणलं.

फोटो धुऊन आला तसा पोतनिसांनी तो घेतला कामाला. मागची टाकी घालवली, अँटेना घालवला. कडांना काळोख दिला, मऊपणा दिला. विक्रांतच्या हनुवटीवर दाढी करताना कापलं होतं ते काढलं. स्वतःच्या नाकावरची चष्म्याची खूण काढली. छापून ओल्या कागदासारखा दोन्ही हातांत धरून त्यांनी तो स्वयंपाकघरात सुलूसमोर धरला.

सुलूनं बघितला. पदराला हात पुसून पुन्हा बघितला.

"विक्रांतची हनुवटी साफ केली," ती म्हणाली.

"केली ना."

"स्वतःचं नाक केलं. आणि माझेच तेवढे राहू दिले?"

"काय राहू दिलं?"

सुलूनं त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस थट्टा करतोय की काय, असं ते बघणं होतं. मग तिनं स्वतःच्या ओठाच्या कडेला बोट टेकवलं.

सुलूला कोड होतं. अपूर्वा पाचवी-सहावीत असताना पहिल्यांदा बोटांच्या पेरांवर पांढरे ठिपके आले होते. मग मनगटावर, मग ओठांच्या दोन्ही कडांना, मग उजव्या पापणीवर. औषधं झाली, मलमं झाली, उन्हात बसणं झालं. पुढे एक दिवस सुलूनं सगळ्या बाटल्या उचलून बाहेर ठेवल्या आणि शाळेत जाऊ लागली. घरात त्यावर बोलणं संपलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"खरं सांगतो," पोतनीस म्हणाले, "माझ्या लक्षातच आलं नाही."

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवले. मोठेपणा दाखवायला."

"नाही गं. मला दिसलेच नाहीत."

एखाद्या बाईला हे ऐकून बरं वाटलं असतं. पोतनिसांनाही मनातून वाटलं की आपण काहीतरी चांगलं बोललो. पण सुलू गॅस बारीक करून त्यांच्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्हाला दिसत नाहीत, ते तुमच्यापुरतं चांगलंय. बाहेर मला प्रत्येक माणूस भेटतो तो आधी इथे बघतो आणि मग डोळ्यांत. दरवर्षी नवीन वर्गाचे पहिले आठ दिवस यातच जातात. फळ्यावर मी काय लिहिते ते नाही, कुठल्या हातानं लिहिते ते मुली बघतात. तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, कारण तुम्हाला ते दिसतच नाही."

पोतनिसांनी हातातला फोटो खाली केला.

"काढून टाका," सुलू म्हणाली. "मग पाठवा."

"पण ती माणसं घरी येतील तेव्हा दिसेलच की."

"येतील तेव्हा बघू. समोर बसली, माझ्याशी बोलली, तर मला ऐकून घेतील. फोटोशी कुणी बोलत नाही. फोटो बघून नुसतं पाकीट परत येतं." ती पुन्हा कढईकडे वळली. "अपूर्वासाठी पाठवलेली दोन पाकिटं तशीच परत आली आहेत. तुम्हाला मी कारण सांगितलं नाही. पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलू शाळेत गेल्यावर पोतनीस कॉम्प्युटरपुढे बसले. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की सगळ्या स्क्रीनभर फक्त सुलूचा चेहरा झाला. आता डाग त्यांना दिसू लागले. ओठाच्या डाव्या कडेचा नकाशातल्या बेटासारखा होता. उजवीकडचा लहान, त्याची कडा जरा गडद. पापणीवरच्या डागात पापणीचे तीन-चार केसही पांढरे झाले होते. हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. रोज सकाळी समोर बसून जिच्याबरोबर चहा घेतला तिच्या पापणीचे केस पांढरे झाले आणि आपल्याला पत्ता नाही.

काम अवघड नव्हतं. शेजारच्या कातडीचा रंग उचलायचा आणि हलक्या हातानं डागावर फिरवायचा. अनिलच्या गिऱ्हाइकांचे याहून मोठे व्रण त्यांनी चहा थंड व्हायच्या आत घालवले होते. पण चेहऱ्यावरच्या आणि बोटांवरच्या या कामाला सकाळ गेली. एकेक डाग काढण्याआधी ते थांबत होते. हा केव्हा आला असेल? त्या दिवशी ती काय करत असेल? आपण कुठे होतो? आपण पिंजऱ्यात होतो. पलीकडून येणाऱ्या लोकांचे हात बघत होतो आणि नोटा मोजत होतो.

झालं तेव्हा स्क्रीनवर लग्नाच्या वेळची सुलू आली होती, फक्त डोळे आताचे होते. पोतनिसांना ती बघून आनंद व्हायला हवा होता. तसा तो झाला नाही. वाईटही वाटलं नाही. कुणी ओळखीचं माणूस खूप दिवसांनी भेटावं आणि काय बोलावं ते कळू नये, असं झालं.

सुलूनं संध्याकाळी फोटो बघितला. नाकाजवळ नेला, लांब धरला. "सफाई आहे तुमच्या हातात," ती म्हणाली. "पाठवा."

शनिवारी अपूर्वा आली आणि टेबलावर राहिलेली दुसरी प्रत तिनं उचलली. "बाबा, हे काय? आईला पुसून टाकलं तुम्ही?"

"मला नाही, डागांना," सुलू आतून म्हणाली. "आणि मीच सांगितलं. तू यात पडू नको."

"असे खोटे फोटो पाठवून जमवायचं असेल तर मला नाही करायचं लग्न."

"नको करू. पण मुलगा बघून मग नाही म्हण. न बघता त्यांनी नाही म्हणावं, हे मला नको आहे. मतलब, एवढं तर मी मागू शकते ना?"

अपूर्वानं फोटो टेबलावर परत ठेवला. आईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

इकडून फोटो गेले, तिकडून प्रसादचा आला. चेहरा सरळ, डोळे हसरे, केस दाट. पोतनिसांनी तो खिडकीपाशी नेऊन बघितला आणि त्यांना हसू आलं. कपाळावरच्या केसांची एक बट अगदी तशीच्या तशी दोन बोटं पलीकडे पुन्हा होती. एका जागचे केस उचलून दुसरीकडे लावले की असं होतं. त्यांच्याही हातून सुरुवातीला झालं होतं. आपल्यासारखाच कुणीतरी भोपाळलाही बसलाय म्हणायचं. ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नाही. मुलाच्या केसांवरून काही ठरावं असं त्यांना वाटेना, आणि बोलायचं तर आपल्या फोटोचंही बोलावं लागलं असतं.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी माणसं आली. प्रसाद, अहल्याबाई आणि प्रसादची आत्या, कल्पनाताई. वडील नव्हते, ते मुलाच्या लहानपणीच गेले होते, आणि घरात आत्याच्या शब्दाला वजन होतं हे बसता बसताच कळलं. प्रसादच्या कपाळावरचे केस फोटोतल्यापेक्षा बरेच मागे होते. पोतनिसांनी लगेच दुसरीकडे बघितलं.

सुलू पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तोंडाला तिनं काही लावलं नव्हतं. पावडरसुद्धा नाही. पदर रोजच्यासारखा खोचलेला. तिनं एकेकाच्या हातात बशी दिली, शेव हवी का विचारलं, लिंबाची फोड ठेवली. कल्पनाताईंची नजर तिच्या बोटांवर गेली, मग ओठांवर, मग पापणीवर.

"फोटोत तर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

पोतनिसांनी तोंड उघडलं. ते काम माझं आहे, मी केलं, असं ते सांगणार होते. पण सुलूच आधी बोलली.

"फोटोत काढून टाकलेत," ती समोरच्या खुर्चीवर बसत म्हणाली. "यांना मीच सांगितलं काढायला. म्हटलं, तुम्ही आधी घरी तर या. आता आलात, आता नीट बघा. कोड आहे. मला येऊन बारा-तेरा वर्षं झाली. माझ्या माहेरी कुणाला नव्हतं. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मुलांना पुढे येईल की नाही, ते कुणी डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत नाही. बहुतेक येत नाही, एवढंच म्हणतात. विचार करा आणि सांगा. नाही म्हटलंत तर मला राग येणार नाही. पोहे मात्र खाऊन जा."

अपूर्वा आतल्या दारात उभी होती. ती आईकडे बघत होती, मुलाकडे नाही.

कल्पनाताईंनी बशी टीपॉयवर ठेवली. "तुम्ही साफ बोललात, ठीक आहे. पण फोटो पाठवला तो पाठवलाच. याला फसवणूकच म्हणतात."

ते खोटं नव्हतं. पोतनिसांना ते लागलं, कारण ते खोटं नव्हतं. त्यांच्या नजरेसमोर प्रसादचं कपाळ होतं, आणि जिभेवर उत्तरही होतं. पण तो मुलगा मान खाली घालून बसला होता, आणि पाहुणा होता. पोतनिसांनी उत्तर गिळलं.

"आत्या," प्रसाद म्हणाला. त्यानं कपाळावरून हात मागे नेला, जिथे केस होते तिथपर्यंत. "मग माझ्या फोटोचं काय करायचं?"

कल्पनाताई त्याच्याकडे बघू लागल्या.

"भोपाळच्या फोटोवाल्यानं आपल्या मनानं लावले. मी बघितलं, आणि असू दे म्हटलं. आईनंही बघितलं."

अहल्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मीच म्हटलं, हाच पाठव. छान दिसतोय."

आधी हसली ती सुलू. मग अहल्याबाई हसल्या, पोटातून, तोंडाला पदर लावून. पोतनिसांना आपण हसावं की नाही ते कळेना. ते उठून पाणी आणायला गेले. स्वयंपाकघरात अपूर्वा ओट्याला टेकून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असं वाटून ते जवळ गेले, तर ती हसत होती.

लगेच काही ठरलं नाही. कल्पनाताईंनी जाताना "कळवतो" एवढंच सांगितलं, आणि त्यांचा चेहरा बघून सुलूनं त्यातून काय ते ओळखलं. फेब्रुवारी तसाच गेला. पोतनीस फोन वाजला की उठायचे आणि अनिलचा असला की त्याच्यावर उगीचच चिडायचे. मार्चमध्ये एका शनिवारी अपूर्वा नेहमीपेक्षा उशिरा आली. इंदूरला प्रसाद भेटायला आला होता, तिच्या कॉलेजवर. आधीही दोनदा आला होता. "मला आवडला तो," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "आत्यांना वेळ लागेल म्हणतो. पण त्याच्या आईंनी हो म्हटलंय."

लग्न उज्जैनलाच झालं, समाजाच्या हॉलमध्ये, माजी अध्यक्षांच्या फोटोंखाली. कल्पनाताई आल्या, सगळ्या विधींना उभ्या राहिल्या, मानाची साडी नेसल्या आणि सुलूशी कामापुरतंच बोलल्या. पुढेही त्या तशाच राहिल्या. काही माणसं हळूहळू बदलतात, काही बदलत नाहीत, आणि संसार दोघांना धरूनच चालतो.

पोतनिसांचं फोटोंचं काम मात्र बदललं. आता कुणाचा फोटो आला की ते आधी त्या माणसाला समोर बसवून विचारत, "यातलं काय ठेवू, काय काढू?" अनिलला हा वेळकाढूपणा वाटायचा. "पोतनीसजी, लोग बोलते हैं, आपके यहाँ तो इंटरव्यू होता है." पण विचारायला लागल्यावर पोतनिसांच्या लक्षात आलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं, आणि ते आपल्याला आधी कधीच ओळखता आलं नसतं. एका पैलवानाला फुटलेला कान तसाच हवा होता. एक सुंदर मुलगी गालावरची खळी काढा म्हणाली, सगळे फक्त तेवढंच बघतात म्हणून. शोभाताई नावाच्या एक बाई नवरा गेल्यावर त्याचा सहलीतला फोटो घेऊन आल्या. त्याच्या चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती. पोतनिसांनी विचारलं नसतं तर पहिल्या पाच मिनिटांत दोरा गेला असता. शोभाताई म्हणाल्या, "बाकी काही पण करा. दोरा राहू द्या. तो मी बांधला होता."

लग्नाचा अल्बम पावसाळा संपता संपता आला. फोटो अनिलच्या माणसानं काढले होते, आणि अनिलनं प्रेमानं एक फोटो मोठा करून वर भेट दिला होता. पाठवणीच्या वेळचा. अपूर्वानं आईच्या गळ्यात हात टाकलाय, आणि दोघींचे चेहरे एकमेकींना टेकलेत. फोटो सुरेख होता. आणि सुलूचा चेहरा त्यात एकसारखा होता, ओठांच्या कडांपासून पापणीपर्यंत.

सुलूनं तो दिवाणावर ठेवून बघितला. "हे तुम्ही केलं?"

"नाही. अनिलनं केलं असेल. आजकाल तोही शिकलाय."

"त्याला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," पोतनीस म्हणाले.

"मग त्याला परत नेऊन द्या. जसा होता तसा करून मागा." ती थोडी थांबली. "नको, मीच जाते."

दोघंही गेली. टॉवर चौकात संध्याकाळची गर्दी होती, कचोरीच्या गाड्यांवर तेल उकळत होतं. अनिल उठून उभा राहिला. सुलूनं फोटो त्याच्या काउंटरवर ठेवला आणि वर्गातल्या मुलींना गणित समजावते त्या आवाजात म्हणाली, "अनिलभैया, फोटो बहुत अच्छा है. लेकिन उस दिन मेरी बेटी जिसके गले लगी थी, वो ये नहीं है."

अनिलचा चेहरा उतरला. "भाभीजी, मैंने तो अच्छे के लिए किया था."

"मालूम है. इसीलिए तो खुद आई हूँ."

त्यानं निगेटिव्ह शोधून काढली. नवी प्रत पोतनिसांनी घरी स्वतः केली. सुलू शेजारी खुर्ची ओढून बसली होती, हे पहिल्यांदाच. काय करताय, हे कशासाठी, ते काय होतं, असं विचारत होती. त्यांनी मागचे लोक धुसर केले. मऊपणा अगदी थोडा दिला, डोळ्यांतल्या पाण्यावरचा उजेड होता तसा ठेवला. मग कडांना काळोख द्यायला घेतला.

"एवढा नको," सुलू म्हणाली. "ग्रहण लागल्यासारखं दिसतंय."

त्यांनी कमी केला.

"आणखी थोडा. हां. बस."

त्यांनी हात थांबवला. सुलूनं चष्मा पुसून पुन्हा एकदा बघितलं, अपूर्वाच्या नाकातली नथ जरा वाकडी आहे म्हणाली, ती सरळ करता येते का म्हणून विचारलं. येते, म्हणाले पोतनीस. मग ती म्हणाली, नको, राहू दे, त्या दिवशी वाकडीच होती. आणि छापायचा आवाज सुरू झाला तशी उद्याच्या वह्या घेऊन पलीकडच्या खोलीत गेली.